बिनवासाची कोथिंबीर

कोथिंबिरीला वास नव्हता. रविवारची सकाळ होती. पोह्यांवर घालायला चार काड्या खुडाव्यात म्हणून रेश्मा गच्चीवर आली होती, आणि खुडताना सवयीनं तिनं एक पान चिमटीत चुरडून नाकाशी धरलं. काहीच नाही. तिनं दुसरं पान घेतलं, बोटं हिरवी होईपर्यंत चोळलं. ओला कागद नाकाशी धरावा तसं गार लागलं, त्यापलीकडं काही नाही. बी खराब निघालं, असं तिच्या मनात आलं, आणि पाठोपाठ मनाच्या तळाशी कुठंतरी तिला बरं वाटलं. कारण ते धने तिनं टाकले नव्हते. आत्यांनी टाकले होते.

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, बजाबाई. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले, बार्शीजवळच्या गावातलं शेत थोरले दीर हिंदुराव बघायला लागले, आणि नवरा शिवराज आईला जुळे सोलापुरातल्या या तिसऱ्या मजल्यावर घेऊन आला. येताना त्यांच्याबरोबर एक ट्रंक होती, एक खुरपं होतं, आणि जुन्या साडीच्या चिंध्यांत बांधलेल्या बियांच्या पुरचुंड्या होत्या. त्याआधी गच्चीवर रेश्माच्या आठ कुंड्या होत्या. शाळेतनं आल्यावर फोनवरचे व्हिडिओ बघून बघून तिनं त्या लावल्या होत्या. तिसरीच्या वर्गाला दिवसभर परिसर अभ्यास शिकवून आल्यावर तेवढाच एक कोपरा तिचा स्वतःचा होता. आत्या आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुंड्यांभोवती एक फेरी मारली, एका कुंडीत बोट खुपसलं, ते बघितलं आणि म्हणाल्या, "पानी लई झालंय." बास, एवढंच. पण रेश्माला वाटलं, आपल्या कपाटाचा खण कुणीतरी उघडून बघितला आहे. यंदा वैशाखात तिनं हौसेनं एका पसरट ट्रेमध्ये धने टाकले होते. रोपं बोटभर झाली, आणि पानं धरायच्या आधीच सरळ उंच जाऊन त्यांना पांढरी फुलं आली, मग दोन दिवसांच्या उन्हात सगळं वाळून गेलं. "वैशाखात धने टाकत्यात व्हय?" आत्या म्हणाल्या होत्या, रागानं नव्हे, हसतच. "सोलापूरचं ऊन हाय हे. त्याला घाई झाली बघ, मरायच्या आदी बी धरून घ्यावं म्हनून." ते हसू रेश्माच्या मनात राहून गेलं होतं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आत्यांनी तोच ट्रे मागून घेतला, धने पायतणाखाली हलकेच रगडून त्यांचे दोन-दोन तुकडे केले, रात्रभर भिजवले, राखेत घोळवून ओळीनं टाकले, वर गोणपाट झाकलं. आठव्या दिवशी सगळा ट्रे हिरवा. आणि आता महिन्यानं, पितृपंधरवड्यात, त्या हिरव्यागार कोथिंबिरीला वास नव्हता.

ती जुडी घेऊन खाली आली. आत्या स्वयंपाकघराच्या दारात पाय पसरून शेंगा फोडत बसल्या होत्या. "आत्या, बघा तुमची कोथिंबीर," ती म्हणाली, आणि आपल्या आवाजातला आनंद तिचा तिलाच ऐकू आला. "दिसायला छान आहे. वास मात्र अजिबात नाही." आत्यांनी जुडी हातात घेतली. नाकाशी नेलीसुद्धा नाही, नुसती मांडीवर ठेवली. "अगं, तू जिन्यातनं उतरत होतीस तवाच आला की मला वास," त्या म्हणाल्या. "घर भरलंय." आतल्या खोलीतनं अंकिता ओरडली, "आई, कोथिंबीर आणलीस का? मला जास्त घाल." रेश्मा उभी राहिली. तिच्या हाताला हिरवा रस लागला होता. "हो, आहे की," ती म्हणाली. "माझं नाक चोंदलंय वाटतं."

नाक चोंदलं नव्हतं. ते मोकळं होतं, अगदी स्वच्छ, रिकाम्या वर्गासारखं. सगळे आपापल्या उद्योगाला लागल्यावर तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि एकेक डबा उघडला. हिंग. वेलदोडे. काळा मसाला. कांदा चिरला तर डोळ्यांत पाणी आलं, पण कांदा आला नाही. कपाळाला लावायचा बाम नाकाखाली धरला तेव्हा काहीतरी गार आत चढलं, एवढंच. मग एकदम भीती वाटून तिनं गॅसचं बटण नीट बंद आहे का ते तीनदा बघितलं. श्रावणात तिला आठ दिवस ताप येऊन गेला होता. त्यानंतर जेवण बेचव लागायचं ते तिनं गोळ्यांवर ढकललं होतं. म्हणजे दीड महिना झाला. दीड महिना आपण वासाशिवाय जगलो, आणि ते कळायला चार काड्या कोथिंबीर लागली. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि आठवायचा प्रयत्न करायला लागली. तिचे वडील बार्शीच्या बाजार समितीत तोलार होते. तराजू लावून पोती मोजायचे. संध्याकाळी ते दारात आले की डोळे मिटूनही आज तूर मोजली की हरभरा हे ती सांगायची, आणि वडील तिला उचलून घेऊन म्हणायचे, हिला माझ्या जागी बसवा. ते सगळं आठवत होतं. वडलांचे खांदे, गोणपाटाचे धागे लागलेली बंडी, आईचं हसू. वास मात्र तिथं नव्हता. त्याच्या जागी नुसता 'तुरीचा वास' हा शब्द होता. तिनं घाईनं दुसरं काही शोधलं. अंकिता महिन्याची असताना तिच्या टाळूला नाक लावून आपण तासन् तास बसायचो. तिथंही शब्दच. तेव्हा मात्र ती घाबरली. आता आहे ते गेलं असतं तर चाललं असतं. हे मागचंही गेलं होतं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. शिवराज कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होता, सकाळच्या गाडीनं जायचा आणि अंधार पडता पडता यायचा; त्याला सांगितलं असतं तर तो दोन दिवस रजा काढून तिला पुण्याला घेऊन गेला असता. आणि आत्यांना सांगणं तर शक्यच नव्हतं. शाळा सुटल्यावर ती एकटीच नाकाच्या डॉक्टरांकडं गेली. ते तरुण होते आणि बोलताना टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत-लावत होते. "तापात वासाची नस दुखावते कधी कधी," ते म्हणाले. "बहुतेकांचा वास परत येतो. कुणाला दोन महिने, कुणाला वर्ष." "आणि कुणाला नाहीच?" त्यांनी टोपण लावलं. "औषध फारसं नाही. नाकाला पुन्हा शिकवायचं. चार वास निवडा, ओळखीचे. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक नाकाशी धरा. येत नसला तरी धरा, आणि तो कसा होता ते आठवा. मन लावून." तिला हसू आलं. दुसऱ्या दिवशी वर्गात ज्ञानेंद्रियं शिकवायची होती. फळ्यावर नाकाचं चित्र काढून तिनं विचारलं, नाकानं आपण काय करतो, आणि चाळीस पोरं एका सुरात म्हणाली, वास घेतोऽ. तिनं खडू खाली ठेवला आणि ती बाटलीतलं पाणी प्यायली.

मग ती गच्चीवर जास्त जायला लागली. चार वास तिथंच होते: कोथिंबीर, पुदिना, ओव्याची जाड पानं आणि गवती चहा. सकाळी पाणी घालायच्या निमित्तानं, संध्याकाळी कीड बघायच्या निमित्तानं ती एकेक पान चुरडायची, डोळे मिटायची आणि आठवायची. रिकाम्या आडात पोहरा सोडावा तसं. पोहरा कोरडा वर यायचा. आत्या जिन्याच्या तोंडाशी बसून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "रोज पानं का चुरगाळती? झाडाला दुखतं की." रेश्मा पुढच्या कुंडीकडं सरकली. तसंही दोघींचं बोलणं मोजकंच असायचं. "दिवाळी झाली की मला हिंदुरावकडं सोडून ये," असं आत्या शिवराजला दर आठवड्याला सांगायच्या, आणि रेश्मा ते स्वयंपाकघरातनं ऐकायची आणि मनातल्या मनात दिवाळीला किती दिवस राहिले ते बघायची. याची तिला लाज वाटायची, पण बघायची.

सगळं उघडं पडलं ते पेंडीच्या पाण्यामुळं. शेंगदाण्याची पेंड पाण्यात भिजत घालायची, चौथ्या दिवशी गाळून, भरपूर पाणी मिसळून झाडांना द्यायची. वांग्याला, टोमॅटोला त्याच्याइतकं मानवत नाही दुसरं काही. रेश्मानं गच्चीच्या कोपऱ्यात झाकणाच्या बादलीत पेंड भिजत घातली आणि विसरली. एरवी विसरायची सोय नसायची, वासच हाक मारायचा. सहामाही परीक्षेचे पेपर तपासण्यात दिवस गेले. अश्विनातलं ऊन म्हणजे उन्हाळ्याचा धाकटा भाऊ. दहाव्या का अकराव्या दिवशी संध्याकाळी तिला बादली दिसली. तिनं झाकण काढलं, वर आलेला करडा फेस काठीनं ढवळला, आणि मगानं शांतपणे एकेका कुंडीला घालत निघाली. वारं सुटलं होतं. खालच्या मजल्यांवर खिडक्या धडाधड मिटत होत्या ते तिनं ऐकलं, पण धूळ येत असेल असं समजून ती वांग्याच्या पानांखालचा मावा बघत राहिली. तिला त्या दिवशी मनातनं बरं वाटत होतं. सूर्य पलीकडच्या इमारतींमागं उतरत होता आणि पालकाची नवी पानं उजेडात आरपार दिसत होती.

जिन्यात पावलं वाजली. तळमजल्यावरचे प्रभुलिंगअप्पा वर येत होते. एसटीच्या डेपोतनं निवृत्त झालेला, कुणाला दुखवून न बोलणारा माणूस. त्यांनी नाकावर रुमाल धरला होता, आणि त्यांच्या मागं अर्ध्या जिन्यातच थांबलेली त्यांची बायको महादेवी पदरातनं "अय्यो, अय्यो" म्हणत होती. "मॅडम," अप्पा रुमालातनं म्हणाले, "वर कुठं जनावर मेलंय काय की? का टाकी फुटली? आमच्याकडं पाहुणे जेवाय बसलेत." रेश्मानं त्यांच्याकडं बघितलं. हातात मग होता, मगातनं पाणी ठिबकत होतं. "नाही हो, इथं तर काही नाही," ती म्हणाली. "मी मघापासून इथंच आहे." अप्पांनी एकदा बादलीकडं बघितलं, एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं. तेवढ्यात त्यांच्या बाजूनं वाट काढत आत्या वर आल्या. त्यांनी पदर नाकाला लावला होता. बादली, मग, सुनेचा तो शांत चेहरा, सगळं त्यांनी एका नजरेत घेतलं. "माजंच चुकलं बाबा," त्या अप्पांना म्हणाल्या. "मी भिजत घातलेली पेंड. म्हातारी झाले, ध्यानात राहत न्हाय. ही बिचारी आवराय लागलीया. जावा तुमी, आत्ता राख टाकतो वरनं." अप्पा गेले. आत्यांनी बादलीवर झाकण घातलं, वर वीट ठेवली, आणि टाकीच्या कट्ट्यावर बसल्या.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"वास येत न्हाय ते."

रेश्माला वाटलं आपण रडू. रडू आलं नाही. त्याऐवजी खालच्या पाहुण्यांची ताटं डोळ्यांसमोर आली आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. "श्रावणापासून," ती म्हणाली. आत्यांनी तिचं हसू ओसरू दिलं. मग म्हणाल्या, "म्हनून पानं चुरगाळत हुतीस. मला सांगायचं न्हाय व्हय?" खरं उत्तर रेश्माला माहीत होतं आणि ते चांगलं नव्हतं. तरी आज ते बाहेर पडलं. "तुम्ही म्हणाला असता, हिला काही येत नव्हतंच, आता नाकही नाही." आत्यांनी जरा विचार केला. "म्हनले असते की," त्या म्हणाल्या. "तुज्या तोंडावर न्हाय, पन मनात म्हनले असते." आणि दोघी हसल्या. मग रेश्मानं डॉक्टरांनी सांगितलेलं ते आठवायचं सगळं सांगून टाकलं. खाली जाता जाता आत्या म्हणाल्या, "उद्या सकाळी च्या पिऊन वर ये. डॉक्टरला काय कळतंय आटवायचं कसं ते."

दुसऱ्या दिवसापासून आत्या वास सांगायला लागल्या. त्या पान खुडायच्या, आधी स्वतः हुंगायच्या, मग ते रेश्माच्या नाकाशी धरायच्या आणि बोलायच्या. पुदिना: "हा वास न्हाय, ही झुळूक हाय. उन्हातनं आल्यावर माठाजवळ उभं राहिल्यागत." ओव्याचं पान: "पोट दुकतंय म्हनून शाळा बुडवली, आन् आईनं तळहातावर ठेवला, त्यो." मेथीची कोवळी रोपं: "बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडलं की पयला येतो, त्यो. तू न्हाय का अंकिताच्या वक्ताला मेथीचं लाडू टाकून देत हुतीस पलंगाखाली, मला दिसायचं की." टोमॅटोचं पान: "हे अवगड हाय बाई. तांब्याची घागर घासल्यावर हाताला येतं तसं, पन हिरवं." रेश्मा डोळे मिटून ऐकायची. वास येत नव्हता. पण एक गंमत व्हायला लागली. शब्दांच्या मागं आता माणसं यायला लागली, माठ यायचा, पलंग यायचा, आत्यांची आई यायची जिला तिनं कधी पाहिलं नव्हतं. आडाच्या तळाला पाणी नव्हतं, पण तळ दिसायला लागला होता. आणि आत्यांना बोलता येतं हे तिला दोन वर्षांनी कळलं. खाली, टीव्हीसमोर, सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसणारी ती बाई इथं मातीत हात घातला की वेगळीच व्हायची. "हस्त निघालंय, मेथी टाकून घे," त्या म्हणायच्या. "समदी एकदम टाकू नको, दर पंधरा दिवसाला एक पेटी, म्हंजी संपत न्हाय." लसणाच्या पाकळ्या थंडीची पहिली चाहूल लागल्यावरच, टोक वर करून, बोटाच्या एका पेरावर. गाजर कुंडीत लावायचं तर कुंडी खोल हवी, आणि माती चाळून, नाहीतर गाजराला पाय फुटतात. रेश्मा तिच्या बाजूनं फोनवर वाचलेलं सांगायची. टोमॅटोची बुडं काळी पडायला लागली तेव्हा आत्यांना वाटलं दृष्ट लागली. रेश्मानं सांगितलं की चार दिवसांआड नळाला पाणी येतं तेव्हा आपण भसाभसा घालतो आणि मधे कोरडं ठेवतो, म्हणून झाडाला चुना उचलता येत नाही. पाणी रोज थोडं द्यायचं ठरलं, वर उसाच्या पाचटाचं आच्छादन घातलं, आणि नव्या फळांची बुडं लाल निघाली. "हे मला ठावं नव्हतं," आत्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी इतक्या सहज म्हटलं की रेश्मा दिवसभर त्या वाक्याला मनात हात लावून बघत राहिली. दोडक्याच्या पानांवर पांढरी भुकटी चढली त्याला आंबट ताक, माव्याला निंबोळीचं तेल आणि साबणाचं पाणी, बुलबुल कोवळे कोंब तोडत होते त्यांना अंकिताची जुनी ओढणी जाळीसारखी बांधून अडवलं. शिवराजनं एका रविवारी कुंभारीहून मोटरसायकलवर शेणखताच्या दोन गोण्या आणल्या. त्यालाही तेव्हा रेश्मानं सांगून टाकलं. तो गोणीवरच बसला. "म्हणून आमटीत हिंग दोनदा पडत होता होय," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, जरा हळू, "मी ओळखायला पाहिजे होतं." आत्या त्याला म्हणाल्या, "तू गोणी उचल. नाकाचं आमी बघतो."

दिवाळी आली आणि गेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शिवराजनं आईची ट्रंक खाली काढली. हिंदुरावांचा फोन येऊन गेला होता, बार्शीची गाडी दुपारची होती. रेश्मा दारात उभी होती. महिन्यापूर्वी ज्याला किती दिवस राहिले ते ती बघत होती तो दिवस आला होता, आणि आता तिला तो नको होता. थांबा म्हणायचा हक्क आपल्याला आहे का, हे तिला ठरवता येत नव्हतं. आत्या गच्चीवर गेल्या होत्या त्या लवकर खाली आल्याच नाहीत. आल्या त्या हाताला माती घेऊन. "ट्रंक कशाला काढली?" त्यांनी लेकाला विचारलं. "तूच म्हणालीस ना, दिवाळी झाली की." "म्हनले आसंल. घेवडा आत्ता कुटं वेलाला लागलाय. लसूण दोन पानांवर हाय. ते टाकून कुटं जाऊ? आन् हिला अजून मेथीतलं आन् राजगिऱ्यातलं कळंना." रेश्मा पटकन आत गेली आणि उगीचच चहाचं आधण ठेवलं. तिला खूप आनंद झाला होता आणि तो लपवायला जागा सापडत नव्हती.

कार्तिकाच्या मध्याला एका सकाळी ती लसणाच्या पातीवर वाकली असताना तिच्या नाकात काहीतरी शिरलं. ते इतकं घाण होतं की ती मागं सरकली. जळकं रबर, त्यात नासलेलं अंडं. तिनं पुन्हा वाकून हुंगलं. पुन्हा तेच. तिनं कोथिंबीर चुरडली, तिलाही तेच, थोडं कमी. ती जिन्यावरनं हाका मारत खाली धावली. "आत्या, घाण येतेय. पातीला घाण वास येतोय, सडक्या अंड्यासारखा." आत्या गुडघ्यावर हात ठेवत वर आल्या, त्यांनी पात हुंगली. "पात तर झ्याक हाय." "मला येतोय ना पण. मला वास येतोय आत्या, घाणेरडा येतोय, पण येतोय." आत्या कट्ट्यावर बसून हसायला लागल्या, डोळ्यांना पदर लावून हसायला लागल्या. मग घेवड्याच्या पेटीकडं बोट करून म्हणाल्या, "बघितलंस नव्हं, ह्यो मातीतनं वर येताना कसा येतो? मान मोडल्यागत. वाकडाच येतो. मंग आठ दिसांनी सरळ हुतो. येऊ दे वाकडा." डॉक्टरही तेच म्हणाले, वेगळ्या शब्दांत. पुढचा महिनाभर रेश्माला कांदा, लसूण, कोथिंबीर काही जवळ नको वाटायचं. ती साधा दही-भात खायची आणि कुणी विचारलं तर सांगायची, मला घाण वास येतो, आणि सांगताना तिचा चेहरा असा असायचा की समोरच्याला कळायचं नाही, हळहळ करावी की पेढे मागावेत.

मार्गशीर्षात वेळअमावस्या आली. बार्शीकडं या दिवशी घरात माणूस राहत नाही. सगळी शेतात जातात, कडब्याची खोप करतात, काळ्या आईला निवद दाखवतात आणि तिथंच जेवतात. गेली दोन वर्षं त्या दिवशी आत्या खिडकीशी बसून राहिल्या होत्या आणि कुणी काही विचारलं नव्हतं. यंदा रेश्मानंच शाळेतनं रजा घेतली. शिवराज कडब्याच्या चार पेंढ्या घेऊन आला, त्या टाकीला टेकवून गुडघ्याएवढी खोप उभी राहिली, आत अंकितानं पूजेला पाच खडे चुन्यानं रंगवून मांडले. सगळ्या भाज्या एकत्र शिजवायच्या त्या भज्जीला जे जे निघालं ते त्यांनी गच्चीवरनंच काढलं: घेवड्याच्या शेंगा, मेथी, पालक, दोन वांगी, कांद्याची आणि लसणाची पात, बोटाएवढी चार गाजरं ज्यांतल्या एकाला तीन पाय होते. ओला हरभरा आणि तुरीच्या शेंगा बाजारातनं आणाव्या लागल्या. त्याबद्दल आत्यांनी काळ्या आईची मोठ्यानं माफी मागितली. आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे, भज्जी. अप्पा आणि महादेवी आले, या खेपेला रुमालाशिवाय. आत्यांनी खोपीभोवती पाणी शिंपडत पाच फेऱ्या मारल्या, वाकून कुंडीतली माती कपाळाला लावली, आणि तीन मजल्यांवरच्या त्या गच्चीत, नळांच्या आणि केबलच्या गर्दीत, त्यांचा चेहरा असा झाला की शिवराज दुसरीकडं बघायला लागला.

पंगत उन्हात बसली. वाढायला आत्याच, कुणाला वाढू देईनात. रेश्माच्या पानाशी आल्या तेव्हा भज्जीचं भांडं एका हातात धरून त्या खूप खाली वाकल्या, तोल जाऊ नये म्हणून दुसरा हात त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला, पदर तिच्या गालाला लागला. आणि रेश्माला वास आला. भज्जीचा नव्हे. तो सरळ होता, जळका नाही, नासका नाही. भाजलेल्या मिश्रीचा, ट्रंकेत घडी करून ठेवलेल्या लुगड्याचा, त्याच्याखाली मातीचा, आणि सगळ्याच्या खाली उन्हात तापलेल्या म्हाताऱ्या अंगाचा. लग्न होऊन ती गावाला पहिल्यांदा राहिली होती तेव्हा या वासानं तिनं तोंड फिरवलं होतं, आणि नंतरची सोळा वर्षं सासू जवळ आली की ती नकळत अर्धं पाऊल मागं घ्यायची. आता तिनं डोळे मिटले. घास हातातच राहिला. आडात कुणीतरी वरनं पाणी ओतत नव्हतं, ते आतूनच येत होतं.

"काय झालं?" आत्यांनी विचारलं. "परत घाण येतीया?"

"नाही. चांगला येतोय."

"कशाचा? भज्जीचा?"

"तुमचा," रेश्मा म्हणाली.

आत्या सरळ झाल्या. "माजा?" त्यांना काही कळेना. "आंगुळ केलीया की मी सकाळी, सगळ्यांच्या आदी." त्यांनी पदराचं टोक नाकाशी नेलं, एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा जरा जास्त वेळ हुंगलं, आणि डोकं हलवलं. "मला तर काय येत न्हाय बाई."

"तुम्हाला नाही यायचा," रेश्मा म्हणाली, आणि आपलं पान ओढून तिनं शेजारी जागा केली. "भांडं ठेवा ते. इथं बसा आता, माझ्याजवळ."